हार्ट अटॅकनंतर शरीरसंबंध: दोन जिने, एक गोळी आणि राहून गेलेलं बोलणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिस्टरांचं वय ५२. सात आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, मनगटातून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ५० टक्के. आता रोज अर्धा तास चालतात, छातीत दुखत नाही, धाप लागत नाही. घरी सोडताना ‘आता नॉर्मल आयुष्य जगा’ एवढंच सांगितलं गेलं. मध्यंतरी एकदा जवळ आले, ताठरता टिकली नाही, आणि ते कूस बदलून झोपले. त्यानंतर काहीच नाही. एका मित्राने त्यांना ताठरतेची ‘ती’ गोळी घ्यायला सुचवलं आहे. तुम्ही विचारताय, संबंध आले तर पुन्हा अटॅक येईल का, आणि ही गोळी चालेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पण मला तीन दिसतात. हृदयाला हा भार झेपेल का, ही पहिली, आणि तिचं उत्तर तिघांत सोपं. गोळी ही दुसरी. तिचं उत्तर त्यांच्या औषधांच्या यादीत आहे आणि तिथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. तिसरी तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलीच नाही: ते कूस बदलून झोपले. त्या रात्रीबद्दल तुम्ही दोघं अजून एकमेकांशी बोललेला नाहीत, असा माझा अंदाज आहे. रिहॅबला, म्हणजे अटॅकनंतरच्या पुनर्वसनाला, येणाऱ्या जोडप्यांचं गाडं बहुतेक वेळा इथेच अडलेलं असतं, हृदयापाशी नाही.

आधी हृदयाचं बघू. नेहमीच्या जोडीदारासोबतच्या संबंधाला शरीराला लागणारी मेहनत मोजून झालेली आहे. आपण स्वस्थ बसलेले असताना जेवढी ऊर्जा लागते तिच्या साधारण तीन ते चारपट, क्वचित पाचपट. नाडी मिनिटाला १३० च्या वर फारशी जात नाही, वरचं बीपी १७० च्या वर क्वचितच जातं, आणि हा कळस काही सेकंदांचा असतो. आधीचा सगळा वेळ भार याहून कमीच. म्हणजे झपझप चालणं किंवा दोन जिने न थांबता चढणं, एवढंच. ‘मॅरेथॉन पळण्याइतका ताण पडतो’ वगैरे जे ऐकायला मिळतं त्याला आधार नाही.

म्हणून घरच्या घरी करायची चाचणीही तीच. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं भरभर चालायचं आणि लगेच दोन जिने, साधारण वीस पायऱ्या, न थांबता नेहमीपेक्षा जरा वेगाने चढायच्या. छाती भरून आली नाही, जबडा किंवा डावा हात दुखला नाही, चक्कर आली नाही, आणि वर पोहोचल्यावर एक पूर्ण वाक्य बोलता आलं, तर शरीर तयार आहे असं समजायला हरकत नाही. नाडी मोजत बसू नका. तुमचे मिस्टर बहुधा बीटा ब्लॉकरवर असतील. ते औषध नाडी फारशी वाढू देत नाही, त्यामुळे घड्याळातला आकडा खोटा दिलासा देतो. श्वास आणि छाती काय सांगते ते बघायचं. पहिल्यांदा चढताना तुम्ही त्यांच्या सोबत चढा. त्यांच्यापेक्षा तुम्हालाच ते बघण्याची गरज जास्त आहे.

हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, कारण ‘हार्ट अटॅक’ या एका शब्दात फार वेगवेगळी माणसं बसतात. अटॅकमध्ये गुंतागुंत झाली नसेल, बंद नस उघडली असेल आणि हलक्या-मध्यम हालचालीत त्रास नसेल, तर अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१२ च्या निवेदनानुसार एका आठवड्यानंतरही संबंध ठेवायला हरकत नाही. व्यवहारात बरेचजण तीन-चार आठवडे थांबतात, तेही ठीक. मनगटातली जखम काही दिवसांत भरते. जांघेतून अँजिओप्लास्टी झाली असेल तर तिथे साधारण आठवडाभर ताण नको. बायपास झाली असेल तर छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे जातात, तोवर छातीवर वजन नको आणि हातांवर शरीर तोलून धरणंही नको.

नस उघडलेली नाही, नुसत्या औषधांवर ठेवलंय आणि अटॅकला दोन महिने झालेले नाहीत, अशांनी आधी ट्रेडमिलची चाचणी करून घ्यावी. आणि काहींनी थांबायलाच हवं: बसल्या जागी किंवा थोडं चालल्यावर छातीत दुखणारे, आडवं झाल्यावर धाप लागणारे, पायांवर सूज असलेले, बीपी आटोक्यात नसलेले, ठोके धोकादायक रीतीने अनियमित होणारे, आणि महाधमनीची झडप फार अरुंद झालेले. यांच्यासाठी ‘नाही’ नसतं, ‘आधी उपचार, मग बघू’ असतं. तुम्ही कळवलेल्या माहितीवरून तुमचे मिस्टर पहिल्या, म्हणजे कमी जोखमीच्या गटात बसतात. तरी त्यांचा इको आणि अँजिओग्राफी ज्यांनी पाहिली आहे त्यांच्याकडून होकार घ्याच. दुसरीकडे कुठे नस अर्धवट बंद राहिली आहे का, हे मला इथून दिसत नाही.

आता ‘पुन्हा अटॅक येईल का’. जोखीम शून्य आहे असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात संबंधानंतरच्या दोन तासांत अटॅकची शक्यता साधारण अडीचपट, आणि आधी अटॅक येऊन गेलेल्यांत २.९ पट आढळली. ‘अडीचपट’ ऐकून पोटात गोळा येतो. पण कशाच्या अडीचपट? आधी अटॅक आलेल्या माणसाला कुठल्याही एका तासात नवा अटॅक येण्याची शक्यता त्यांनी दहा लाखांत सुमारे दहा धरली होती. ती दोन तासांपुरती वीस-तीसच्या आसपास जाते आणि पुन्हा खाली येते. त्या अभ्यासातल्या सगळ्या अटॅकपैकी संबंधाचा वाटा होता ०.९ टक्के. शिवाय नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ आणखी कमी दिसली. म्हणजे त्यांचं रोजचं अर्धा तास चालणं हाच या बाबतीतला उपचार आहे. ते बंद करून संबंधांची काळजी करत बसणं म्हणजे आजार सोडून काळजीलाच औषध शोधणं.

संबंधाच्या वेळी झालेल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मरण पावलेले बहुतेक पुरुष होते, आणि त्यातले बरेचसे अनोळखी जागी, लग्नाबाहेरच्या जोडीदारासोबत, भरपेट जेवून आणि पिऊन. स्वतःचा पलंग, ओळखीचं माणूस आणि हलकं पोट हे कार्डिऑलॉजीच्या दृष्टीने फार चांगलं कॉम्बिनेशन आहे, हे जरा गमतीचं वाटलं तरी मिस्टरांना जरूर सांगा.

सुरुवात कशी करायची? पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी दोघांत एक करार करा: संबंध पूर्ण करायचाच नाही. फक्त जवळ झोपायचं, पाठ-हात चोळायचे, कुरवाळायचं, बस. हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. ‘आज जमेल का’ ही परीक्षा एकदा डोक्यात सुरू झाली की शरीरात अॅड्रेनलिन वाढतं, आणि अॅड्रेनलिन ताठरतेचा शत्रू. परीक्षाच रद्द केली की भीती उतरते. त्यानंतर हस्तमैथुन किंवा एकमेकांना हाताने सुख देणं. यात भार संबंधापेक्षा कमी असतो आणि हृदय काही बोलत नाही, हे माणसाला स्वतःला कळतं. मग पूर्ण संबंध.

वेळ अशी निवडा की झोप झालेली आहे, जेवून किमान दोन तास झालेत, दारू घेतलेली नाही, आणि खोली फार गार किंवा फार उकाड्याची नाही. पहाट अनेकांना सोयीची जाते. आसनाबद्दल खूप सल्ले फिरतात, ‘त्यांनी नुसतं पडून राहावं, सगळं तुम्ही करा’ वगैरे. तरुण रुग्णांच्या, म्हणजे १८ ते ५५ वयाच्या, एका अभ्यासात अटॅकनंतरच्या महिन्यात डॉक्टरांशी याविषयी बोलणं झालेल्या बायका १२ टक्के आणि पुरुष १९ टक्केच होते. आणि ज्यांना सल्ला मिळाला त्यातल्या बऱ्याच जणांना ‘निष्क्रिय राहा’, ‘ठोके वाढू देऊ नका’ असलं काहीतरी सांगितलेलं होतं. कमी जोखमीच्या माणसाला या बंधनांची गरज नाही. दोघांना सवयीचं जे आसन आहे ते चालेल. दोनच गोष्टी पाळा: श्वास रोखून जोर लावायचा नाही, कारण त्याने बीपी झटकन चढतं, आणि दमल्यासारखं वाटलं तर थांबायचं, लाजायचं नाही.

काय झालं तर डॉक्टरांना कळवायचं तेही सांगते. संबंधाच्या वेळी किंवा नंतर छातीत दडपण. धाप किंवा धडधड पंधरा मिनिटांनीही न उतरणं. त्या रात्री झोप न लागणं किंवा दुसऱ्या दिवशी अंग गळून जाणं. छातीत दुखायला लागलं तर तिथेच थांबून उठून बसायचं. पाच मिनिटांत उतरलं नाही तर अॅम्ब्युलन्स बोलवायची. खोली आवरणं, कपडे नीट करणं, कुणाला काय सांगायचं ते ठरवणं, यात लोक वेळ घालवतात. मदत आधी बोलवा, चादर नंतर नीट करा. जिभेखालची गोळी ठेवायची की नाही, हे पुढच्या भागावर अवलंबून आहे, म्हणून तो नीट वाचा.

त्यांचे मित्र जी गोळी सुचवताहेत ती सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल यांपैकी असणार. गोळी मुळात वाईट नाही. स्थिर हृदयरोग्यांत ती नीट तपासली गेलेली आहे. घात होतो तो नायट्रेटसोबत. नायट्रेट म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी (सॉर्बिट्रेट म्हणून बऱ्याच जणांना माहीत असलेली), नायट्रोग्लिसरिनचा फवारा किंवा पट्टी, आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या रोजच्या गोळ्या. निकोरँडिल हे छातीदुखीवरचं औषधही त्याच गटात धरायचं. ते नावावरून ओळखू येत नाही, म्हणून निसटतं. नायट्रेट शरीरात रक्तवाहिन्या सैल करणारं एक रसायन तयार करायला लावतं. सिल्डेनाफिल ते रसायन मोडू देत नाही. नळ सोडलेला आणि मोरीला बोळा लावलेला, असा प्रकार. बीपी इतकं खाली जाऊ शकतं की हृदयालाच रक्त पोहोचत नाही.

म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट बंद, दुखलं तरी बंद. टाडालाफिलची मुदत मोठी आहे कारण त्याचं अर्धं प्रमाण शरीरातून जायलाच १७ तासांच्या वर लागतात. शुक्रवारी रात्री घेतलेली गोळी रविवारी सकाळीही अंगात असते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्या काळात छातीत दुखलं तर बसून राहायचं, अॅम्ब्युलन्स बोलवायची आणि पोहोचल्याबरोबर सांगायचं: ‘अमुक गोळी, काल रात्री अमुक वाजता.’ पुरुष इमर्जन्सीत हे लाजेने लपवतात आणि तिथला डॉक्टर चांगल्या हेतूने नायट्रेटचं सलाइन लावतो. त्यामुळे गोळी घेतली आहे हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे. चोरून घेतलेली गोळी ही या सगळ्या विषयातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे, संबंधांपेक्षा कितीतरी जास्त.

तुमच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर आत्ता मित्राच्या सांगण्यावरून गोळी नको. अटॅकला सातच आठवडे झालेत. टाडालाफिलच्या सुरुवातीच्या चाचण्यांत ९० दिवसांच्या आत अटॅक आलेले, आणि सिल्डेनाफिलच्या चाचण्यांत सहा महिन्यांच्या आत अटॅक आलेले रुग्ण घेतलेच नव्हते. कार्डिऑलॉजिस्ट त्याआधीही विचारपूर्वक देऊ शकतात, पण तो त्यांचा निर्णय, मित्राचा नाही. दिलीच, तर साधारण सिल्डेनाफिल २५ किंवा ५० मिलिग्रॅमने सुरुवात होते. संबंधाआधी सुमारे तासभर घ्यायची, तेलकट-तुपकट जेवणानंतर घेतली तर उशिरा लागू पडते, आणि इच्छा नसेल तर ती काहीच करत नाही. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं औषध चालू असेल तर तेही सांगायचं, दोन्हींनी मिळून बीपी पडतं. ‘नैसर्गिक’, ‘जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या ताकदीच्या पुड्या मुळीच नकोत; अशा पुड्यांत लेबलवर न लिहिलेलं सिल्डेनाफिल अनेकदा सापडलं आहे. नायट्रेट घेणाऱ्याच्या हातात ती पुडी म्हणजे न कळत घेतलेलं विष.

आता त्या रात्रीकडे येते. ताठरता एकदा टिकली नाही, यावरून काहीच ठरत नाही. कारण शोधायला दोन गोष्टी विचारा. सकाळी उठताना ताठरता असते का? असेल, तर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या काम करताहेत आणि मुख्य भाग भीतीचा आहे. आणि अटॅकच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांत कसं होतं? तेव्हापासूनच कमी होत आलं असेल, तर मूळ रक्तवाहिन्यांत आहे. लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. एकाच प्रकारचा गंज आधी बारीक नळीत दिसतो. डायबेटिस किंवा सिगारेट असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

तिसरं कारण औषधं, आणि इथे सगळे बीटा ब्लॉकरवर बोट ठेवतात. थोडं खरं आहे. पण २००३ साली एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्यानेच हृदयविकाराचं निदान झालेल्या ९६ पुरुषांना अॅटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर दिला. एक तृतीयांश जणांना औषधाचं नावच सांगितलं नाही, एक तृतीयांश जणांना नुसतं नाव सांगितलं, उरलेल्यांना नाव आणि ‘ताठरतेवर परिणाम होऊ शकतो’ हेही सांगितलं. तीन महिन्यांनी तक्रार अनुक्रमे सुमारे ३, १६ आणि ३१ टक्क्यांनी केली. गोळी सगळ्यांची एकच. म्हणून कृपा करून मिस्टरांना ‘त्या गोळीनेच होतंय’ असं सांगू नका, आणि ती गोळी मनाने बंद तर अजिबात करू नका. अचानक सोडली तर ठोके आणि बीपी उसळतं, पुन्हा छातीत दुखू शकतं. खरोखर त्रास वाटला तर डॉक्टर नेबिव्होलोलसारख्या दुसऱ्या बीटा ब्लॉकरचा पर्याय बघू शकतात. लघवी जास्त होण्याच्या काही गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन यांचाही परिणाम होतो. अटॅकनंतर येणाऱ्या उदासीवर दिलेल्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते, पण उदासी स्वतःही ती घालवतेच.

आणि तुम्ही. नवऱ्याचा श्वास नीट चाललाय ना हे बघायला रात्री जागणाऱ्या बायका या विषयात फार भेटतात. त्यांना वाटतं आपण जपतोय. नवऱ्याला वाटतं, हिला आता मी पेशंट झालो. मग तो जवळ येत नाही, आणि तिला वाटतं, त्याला मी नको आहे. दोघंही चूक आणि दोघंही गप्प. बोलणं पलंगावर आणि अंधारात सुरू करू नका, तिथे ते तक्रारीसारखं ऐकू येतं. चालायला जाताना बोला, शेजारी-शेजारी, एकमेकांच्या डोळ्यांत न बघता. साधं वाक्य पुरतं: ‘त्या दिवशी मला भीती वाटली होती, म्हणून मी आखडले. तुम्हाला काय वाटलं?’ तुमच्या भीतीपासून सुरुवात केलीत तर त्यांच्या अपयशाचा विषय आपोआप मागे पडतो.

अटॅक बायकोला आला असेल तर यातलं बरंचसं लागू पडतं, पण काही वेगळं आहे आणि ते कुणी विचारत नाही. पाळी थांबलेली असेल तर कोरडेपणा आणि दुखणं असतं; आधी पाण्यावर आधारलेलं वंगण वापरून बघावं, पुरलं नाही तर योनिमार्गात लावायच्या कमी मात्रेच्या इस्ट्रोजेनबद्दल विचारावं. पोटातून घ्यायच्या हॉर्मोनच्या गोळ्या मात्र अटॅकनंतर सहसा टाळतात. पाळी चालू असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बंद, आणि गर्भनिरोधनाची दुसरी पक्की सोय लगेच हवी, कारण अटॅकनंतर चालणारी काही औषधं गर्भाला घातक असतात. तांबी बसवायची तर रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांनी अंगावरून जास्त जातं, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना आठवण करून द्यावं.

पुढच्या भेटीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या, चिठ्ठी नको. चिठ्ठीवर जिभेखालची गोळी बहुतेकदा लिहिलेली नसते. आणि ‘बाकी सगळं ठीक ना?’ याची वाट न बघता तुम्हीच विचारा: ‘यांना शरीरसंबंध ठेवायला हरकत आहे का? यांतली कुठली गोळी नायट्रेट किंवा निकोरँडिल आहे? ताठरतेची गोळी लागली तर कुठली, किती आणि कधीपासून?’ डॉक्टरांना याची सवय असते. बाहेर ‘पुढचा पेशंट’ अशी हाक येण्याआधी तीनही उत्तरं मिळतात.